समुद्रकिनाऱ्यावरील उंच इमारती आणि चटईक्षेत्राचा वाद

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर उंच इमारती बांधू द्याव्यात किंवा नाही, हा वाद निदान साठ वर्षांचा आहे. नगररचनाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. वाद उंचीविषयी चाललेला असतो, नियम चटईक्षेत्राविषयी असतो आणि भीती गर्दीची असते. या तीन गोष्टी एकच आहेत असे समजून दोन्ही पक्ष बोलतात, आणि त्यामुळे दोघांचेही युक्तिवाद पुष्कळदा लक्ष्याच्या बाजूने निघून जातात.

चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी इमारतीच्या सर्व मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळाचे प्रमाण. एक हजार चौरस मीटरांच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल, तर दोन हजार चौरस मीटर बांधता येतात. निम्मा भूखंड व्यापला तर हे बांधकाम चार मजल्यांत संपते. एक-दशांश भूखंड व्यापला तर त्याच बांधकामाचे वीस मजले होतात. म्हणजे निर्देशांकाने उंची ठरत नाही. त्याने माणसांची संख्याही ठरत नाही. माणशी दहा चौरस मीटर जागा असेल तर या इमारतीत दोनशे माणसे राहतील, चाळीस चौरस मीटर असेल तर पन्नास. भुलेश्वर-काळबादेवीकडच्या जुन्या इमारती ठेंगण्या असूनही तेथील वस्ती अतिशय दाट आहे. उलट मलबार हिलवरील एखाद्या गगनचुंबी इमारतीत दर मजल्यावर दोनच कुटुंबे असतात. एवढा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे किनाऱ्यावरील वादाचा इतिहास पुष्कळसा उलगडतो.

मरीन ड्राइव्ह ज्या भूमीवर उभा आहे ती समुद्रात भर घालून मिळविलेली आहे. गव्हर्नर लॉईड यांच्या कारकीर्दीत बॅक बेमध्ये सुमारे १,१४५ एकर जमीन मिळविण्याची योजना हाती घेण्यात आली. खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी तिच्यातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले आणि अखेर सुमारे ४४० एकरांवरच काम थांबवावे लागले. (ज्यांनी या भरावावर टीकेचा भडिमार केला त्यांचेच नाव पुढे भरावाच्या टोकाला मिळावे, हा मुंबईच्या इतिहासातील एक विनोद आहे.) १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत समुद्रासमोर इमारतींची जी रांग उभी राहिली, तिला चटईक्षेत्र निर्देशांक ठाऊकच नव्हता. तेथील मर्यादा आकाराची होती: दर्शनी भिंती एका रेषेत, उंची पाच-सहा मजल्यांची, मध्ये रुंद रस्ता आणि पलीकडे सर्वांना खुला असलेला कठडा. हे नियम इमारत रस्त्यावरून कशी दिसावी आणि रस्त्याला किती ऊन-वारा मिळावा यासाठी होते. आत किती माणसे राहावीत याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. जून २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात समुद्राकडील या पहिल्या रांगेचा समावेश झाला, तो या एकसारखेपणामुळेच.

निर्देशांक मुंबईत आला तो १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर. त्याची विकास नियंत्रण नियमावली १९६७ मध्ये अमलात आली. नियमाचे स्वरूप येथे बदलले. आकाराची अट मागे पडून परिमाणाची अट पुढे आली. नरिमन पॉईंटच्या नव्या भरावावर हे परिमाण शहराच्या इतर भागांहून कितीतरी सढळ ठेवण्यात आले, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडिया अशा वीस मजल्यांहून उंच कचेऱ्या तेथे उभ्या राहिल्या. याच सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली होती. त्यातूनच १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. त्यांच्या मांडणीचे मर्म असे होते की, दक्षिण टोकाला कचेऱ्या वाढवीत गेल्यास रोज सकाळी सारे शहर एकाच दिशेने लोटत राहील. शासनाने नवे शहर मान्य केले आणि त्याच वेळी दक्षिण टोकाचे भूखंडही विकले. या दोन निर्णयांचा मेळ कसा घालावयाचा, याचे उत्तर कोणी दिले नाही.

नरिमन पॉईंटविरुद्ध त्या काळी जो आक्षेप घेतला गेला तो मुख्यतः उंचीचा होता: समुद्र झाकला जाईल, शहराची आकाशरेषा बिघडेल. आक्षेप खोटा नव्हता, पण दुय्यम होता. खरा प्रश्न पायाखाली होता. एक लाख चौरस मीटर जागेत निवास असेल आणि माणशी पंचवीस चौरस मीटर धरले, तर चार हजार माणसे होतात. तेवढ्याच जागेत कचेऱ्या असतील आणि माणशी दहा चौरस मीटर धरले, तर दहा हजार होतात, आणि ती सर्व एकाच तासात येतात. ही माणसे चर्चगेट स्थानकावर उतरून पायी, बसने किंवा टॅक्सीत दाटीवाटीने बसून पुढे जात. भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली ती २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्या मनोऱ्यांनंतर पन्नास वर्षांनी. इमारती वीसऐवजी दहा मजल्यांच्या आणि दुप्पट पसरट बांधल्या असत्या तरी स्थानकापासूनच्या रस्त्यावरील रेटा तिळमात्र कमी झाला नसता.

ब्रीच कँडी परिसरातील ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीच्या प्रकरणाने निर्देशांकाला नैतिक वजन प्राप्त करून दिले. परवानगीपेक्षा सुमारे चोवीस हजार चौरस फूट अधिक बांधकाम झाल्याचे आढळल्यावर महानगरपालिकेने वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश दिला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारवाईस पाठिंबा दिला. लोकांच्या मनात यातून ‘उंच म्हणजे बेकायदा’ असे एक समीकरण रुजले. वास्तविक गुन्हा उंचीचा नव्हता, क्षेत्रफळाचा होता. वरून मजले काढणे हा क्षेत्रफळ कमी करण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग एवढेच.

त्याच वर्षी किनाऱ्याला आणखी एक बंधन लागू झाले आणि येथे विषय अधिक नाजूक होतो. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून पाचशे मीटरांच्या आत, अगोदरच बांधकाम झालेल्या शहरी भागात, विद्यमान रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच इमारत बांधता येईल आणि तिला ‘विद्यमान’ नियम व निर्देशांक लागू होतील, असे तीत म्हटले होते. विद्यमान म्हणजे केव्हाचे? परवानगी मागितली जाईल तेव्हाचे, की अधिसूचना निघाली त्या दिवशीचे? दुसरा अर्थ ग्राह्य धरण्यात आला. मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली २५ मार्च १९९१ रोजी, म्हणजे अधिसूचनेनंतर चौतीस दिवसांनी. परिणामी उर्वरित शहर नव्या नियमावलीप्रमाणे चालले आणि किनारपट्टी १९६७ च्या नियमावलीत थिजून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका भूखंडाच्या प्रकरणात हाच अर्थ कायम केला.

या चौतीस दिवसांची किंमत ज्यांनी मोजली ते बहुतेक मोठे विकासक नव्हते. गिरगाव, कुलाबा, वरळी, दादर, माहीम येथील पाचशे मीटरांच्या पट्ट्यात उपकरप्राप्त जुन्या इमारती शेकड्यांनी आहेत. त्यांपैकी कित्येक इमारती निर्देशांक अस्तित्वात येण्यापूर्वी बांधलेल्या असल्यामुळे आजच ठरीव प्रमाणाहून अधिक क्षेत्रफळ व्यापून आहेत. अशी इमारत पाडली तर तेवढीच पुन्हा बांधता येणार नाही, आणि न पाडावी तर जिना व गॅलरी टेकूंवर उभी. भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी १९९९ मध्ये निर्देशांकाच्या ज्या वाढीव सवलती मिळाल्या, त्या रस्त्याच्या एका बाजूस लागू झाल्या आणि समुद्राकडील बाजूस झाल्या नाहीत. २०११ च्या अधिसूचनेने झोपडपट्ट्या आणि मोडकळीस आलेल्या इमारती यांच्यापुरता अपवाद केला. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने १९९१ ची तारीख सोडून दिली.

गोठलेला निर्देशांक समुद्राचे रक्षण करीत होता असे मानणे कठीण आहे. समुद्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते बांधकामाचे स्थान, सांडपाण्याची व्यवस्था, खारफुटी आणि भरतीचे पाणी पसरण्यास मोकळी जागा. भरतीरेषेपासून चारशे मीटरांवरील चाळ चार मजल्यांची आहे की बाराची, याने त्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून बंधन उठल्याने केवळ हानीच झाली असेही म्हणता येत नाही. परंतु ते उठविताना त्याच्या जागी कोणते माप आणावयाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्या मापाविषयीचा विचार तज्ज्ञांत झालेला आहे. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहणारे आलँ बेर्तो यांचे म्हणणे असे की, मुंबईचा निर्देशांक जगातील मोठ्या शहरांच्या तुलनेत फारच कमी असून त्यामुळे जागेची कृत्रिम टंचाई होते आणि माणशी क्षेत्रफळ दयनीय राहते. शिरीष पटेल यांनी यास दिलेले उत्तर अधिक मूलगामी वाटते. निर्देशांक भूखंडावर मोजला जातो, पण गर्दी रस्त्यावर होते. म्हणून रस्त्याच्या दर हेक्टरामागे माणसे किती, हे माप घेतल्याखेरीज न्यूयॉर्कशी तुलना व्यर्थ आहे. मॅनहॅटनमध्ये रस्ते व पदपथ यांना मोठा वाटा मिळाला आहे, शिवाय माणशी घरजागाही मुंबईच्या कित्येक पट आहे. दहा हेक्टरांच्या वस्तीत अडीच हेक्टर रस्ते आणि चार हजार माणसे असतील, तर माणशी सव्वासहा चौरस मीटर रस्ता येतो. निर्देशांक दुप्पट करून माणसे आठ हजार झाली, तर तो सुमारे तीनवर येतो. निर्देशांक दुप्पट करून माणसे तेवढीच राहिली आणि घरे मोठी झाली, तर पायी चालणारांस त्रास नाही. मात्र श्रीमंत वस्तीत घराबरोबर मोटारी वाढतात आणि तोच रस्ता दुसऱ्या रीतीने भरतो.

कुलाब्यातील ‘आदर्श’ या एकतीस मजली इमारतीची आठवण उंची आणि सदनिकांचे वाटप यांसाठीच काढली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामास स्थगिती दिली. त्या प्रकरणातील एका गोष्टीकडे मात्र नगररचनेच्या अभ्यासकांचेही लक्ष क्वचित जाते. शेजारील कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी साठ मीटरांहून अधिक होती. ती सुमारे अठरा मीटरांवर आणण्यात आली आणि रस्त्यातून सुटलेल्या जमिनीवर ही इमारत उभी राहिली.