वाचता येणारे इंग्रजी बोलता यावे म्हणून

इंग्रजी बोलणे हे वाचण्या-लिहिण्याहून वेगळे कौशल्य आहे आणि त्याचा सरावही वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवत. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालच्या जूनपासून, ते पहिलीपासून सुरू झाले. त्यामुळे वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावातली मुले दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतात. त्यांना धडा वाचता येतो, उत्तरे लिहिता येतात. पण मुलाखतीत कोणी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की शब्द अडतात.

हा मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. कॅनडात इंग्रजी घरांतील मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्यात आले, तेव्हाही असेच आढळले. अनेक वर्षांनंतर मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्यात ती मागे राहत. भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचे कारण मांडले: ऐकताना संदर्भावरून अर्थ लावून निभावते, बोलताना मात्र क्रियापदाचे रूप, शब्दांचा क्रम, सारे स्वतः ठरवावे लागते. म्हणून बोलल्याशिवाय बोलणे येत नाही.

वसई-विरार पट्ट्यात याचा पुरावा रोज दिसतो. घरी वारली, वाडवळी किंवा सामवेदी बोलणारी माणसे बाजारात आणि लोकलमध्ये सहज हिंदी बोलतात. ती त्यांना गरजेने आणि वापराने आली. इंग्रजीला असा रोजचा प्रसंग मिळत नाही. तो मुद्दाम निर्माण करावा लागतो.

आधी कान

सुरुवात ऐकण्यापासून करावी आणि ऐकायचे ते बहुतांशी समजणारे असावे. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पुढच्या स्थानकाची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. अर्थ आधीच कळलेला असल्याने इंग्रजी वाक्य येताच सारे लक्ष उच्चार आणि लयीकडे देता येते. पुढची पायरी म्हणजे आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र किंवा बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा शिकणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम. एकदा नुसते ऐकावे. दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या मागोमाग, किंचित अंतर ठेवून, तेच शब्द मोठ्याने म्हणावेत. दुभाष्यांच्या प्रशिक्षणातही ही पद्धत वापरतात. तिने जिभेला नव्या ध्वनींची आणि श्वासाला वाक्याच्या लांबीची सवय होते.

उच्चार आणि आघात

मराठी भाषकांना काही गोष्टी सोप्या जातात. ‘स्त्री’, ‘स्थान’ म्हणणारी जीभ ‘स्कूल’, ‘स्टेशन’ला अडखळत नाही. अडचण इतरत्र येते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात काटेकोर असला, तरी बोलण्यात सैल असतो. इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ यांची सुरुवातही वेगळी: पहिल्यात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात.

आघाताचे महत्त्व याहून अधिक आहे. मराठीत शब्दातील सर्व अक्षरांवर साधारण सारखाच भर पडतो. इंग्रजीत एक अक्षर ठसठशीत उमटते आणि बाकीची आखडतात. ‘फोटोग्राफ’मध्ये भर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. नवा शब्द शिकताना त्याचा आघातही शिकावा. मात्र लंडन-न्यूयॉर्कची नक्कल करण्याची गरज नाही. ऐकणाऱ्याला स्पष्ट कळणारे मराठी वळणाचे इंग्रजी पूर्णपणे सन्मानाचे आहे.

तयार वाक्ये

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. मनात मराठी वाक्य रचून ते उलटवत बसले, तर समोरच्याचा पुढचा प्रश्न येऊन जातो. शिवाय ‘त्याला विचारले’चे ‘आस्क्ड टू हिम’ होते आणि ‘त्यावर चर्चा केली’चे ‘डिस्कस्ड ऑन इट’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांची वाक्यरचना पक्की केली, पण संभाषणात भाषांतराला सवड नसते. त्यासाठी अख्खी वाक्ये तोंडी बसवावीत: ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’, ‘व्हॉट आय मीन इज...’, ‘आय ॲम नॉट शुअर, बट...’ अशा वाक्यांनी विचार करायला क्षणभर मिळतो आणि संवाद तुटत नाही.

ओघ येण्यासाठी

न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी रूढ केलेला एक सराव खेड्यातल्या शाळेतही बिनखर्चात करता येतो. ओळखीचा विषय घ्यावा: भातलावणी, विरार ते चर्चगेट प्रवास, जीवदानीची यात्रा. एका श्रोत्याला तो ४ मिनिटांत सांगावा, दुसऱ्याला ३ मिनिटांत आणि तिसऱ्याला २ मिनिटांत. मजकूर तोच असल्याने दर वेळी अडखळणे कमी होते आणि वेग वाढतो. वर्गात जोड्या केल्या की एकाच वेळी निम्मी मुले बोलत असतात. एरवी तासाला मोजक्याच मुलांची पाळी येते.

मूल बोलत असताना चूक दाखवू नये. बोलणे संपल्यावर एकाच प्रकारची चूक निवडावी, उदाहरणार्थ भूतकाळाची रूपे, आणि तेवढीच सुधारून पुन्हा बोलायला लावावे. चारचौघांत हसू झालेले मूल गप्प राहायला शिकते आणि ते गप्पपण व्याकरणाच्या चुकांहून जड जाते. घरची बोली वेगळी असलेल्या आदिवासी मुलांना तर प्रमाण मराठीही शाळेतच भेटते. त्यांना सूचना ओळखीच्या भाषेत आणि बोलण्याची संधी अधिक मिळायला हवी.

प्रगती कशी मोजावी

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक चौकटीत सहा पातळ्या आहेत. दुसऱ्या पातळीवर ओळखीच्या विषयांवर साधी देवाणघेवाण जमते. तिसऱ्या पातळीवर अनुभव सांगता येतो आणि मताचे कारण देता येते. शिकणाऱ्याने हे निकष समोर ठेवून दर महिन्याला एकाच विषयावरचे आपले बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि मागच्या महिन्याच्या बोलण्याशी ताडून पाहावे. ओघ, आघात आणि वाक्यरचना यांतला फरक स्वतःच्या कानांनी कळतो. दहा वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेने मुलांना रोज काही मिनिटे ते बोलू देणे, हा त्यांचा हक्कच आहे.