अंड्याला धुंगार: चव आणि टिकवण

कोयनानगरच्या परिसरात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत बियाणे आणि सुकी मासळी चुलीवर टांगणे ही गरज होती. ऊब ओल काढून घेई, धूर कीड दूर ठेवी. गॅस आला तिथे बायकांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना आराम मिळाला. धुराची चव मात्र धुंगारापुरती उरली.

हा धुंगार उकडलेल्या अंड्यालाही देता येतो. अंडी सोलून पुसून कोरडी करावीत. ओलसर राहिली तर धूर कडवट लागतो. पातेल्यात अंडी, मधोमध वाटीत लाल निखारा, वर घट्ट झाकण. १० मिनिटे पुरतात. खिडकी उघडी असावी. निखाऱ्यावर नुसते तूप सोडले तर जळक्या तुपाचाच वास लागतो. रंग-पॉलिश न लागलेला आंब्याचा चिमूटभर भुसा टाकला, तर लाकडातील लिग्निन करपून ग्वायाकोलसारखी द्रव्ये निघतात. चुलीची ओळखीची चव त्यांचीच.

हा धूर पांढऱ्या भागाच्या वरच्या थरातच मुरतो. त्याने अंडे टिकत नाही. ते त्याच दिवशी खावे. मासळी टिकत होती ती मिठामुळे आणि कित्येक दिवसांच्या सुकण्यामुळे. धूर त्यांचा सोबती होता, पर्याय नव्हे.