मौनाची किंमत

मासिकाची वर्गणी संपत आली की अंकातून एक चिठ्ठी यायची : ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे.’ सोबत मनिऑर्डरचा फॉर्म. तो भरला नाही, तर अंक बंद. वर्गणीदार गप्प राहिला म्हणजे नको म्हणाला, असा तो सरळ व्यवहार होता. आता नेमके उलटे झाले आहे. चित्रपट-मालिका दाखवणारी सेवा असो, संगणकातले अँटिव्हायरस असो की फोटो साठवण्याची जागा; आपण गप्प राहिलो की वर्गणी पुढे चालू! मौन म्हणजे संमती, हे वचन आता थेट आपल्या बचत खात्याला लागू झाले आहे.

बँकेत आम्ही ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ घेत असू. दरमहा अमुक रक्कम वळती करा, असे खातेदार सहीनिशी लिहून देई, आणि लिहून दिलेले त्याच्या ध्यानात राही. आज तीच सूचना बोटाच्या स्पर्शाने दिली जाते आणि तितक्याच सहज विसरली जाते. क्रिकेटच्या सामन्यांसाठी नातवाने आजोबांच्या खात्यावरून सुरू केलेली वर्गणी सामने संपल्यावरही पेन्शनमधून जात राहते. रक्कम लहान असते, म्हणून पासबुकातली ती ओळ डोळ्यांना खुपत नाही.

ग्राहक अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. रिझर्व्ह बँकेचे यासंबंधीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आले. कार्डावरून अशी रक्कम वळती करण्याच्या किमान चोवीस तास आधी खातेदाराला कळवले पाहिजे आणि ती वसुली थांबवण्याची सोयही दिली पाहिजे, असे ते सांगतात. २०२२ साली १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दरवेळी ओटीपीची गरज उरली नाही. म्हणून तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड करणे हा त्यांतलाच एक. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घरी करायचे ते सोपे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहितो, तशीच प्रत्येक वर्गणीच्या मुदतीआधीची आठवडाभर अगोदरची तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी भाव विचारावा. पहिल्या वर्षी सवलत आणि पुढे पूर्ण दर, ही नेहमीची रीत. पण ‘नव्या गिऱ्हाइकाचा दर मलाही द्या, नाहीतर बंद करतो’ म्हटले की पुष्कळदा सवलत निघते. मंडईत चार पावले पुढे गेल्यावर भाजीवाली हाक मारते, तसेच हे!

नको असेल तर मोबाईलमधून ॲप काढून टाकणे पुरेसे नसते. आधी त्या सेवेत जाऊन वर्गणी रद्द करावी, मग बँकेच्या किंवा यूपीआयच्या ‘ऑटोपे’ सदरात आदेश अजून जिवंत आहे का ते पाहावे. रद्द केल्याचा संदेश जपून ठेवावा.

हा चिक्कूपणा नव्हे. हवे त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. पण ते आपण दिलेले असावेत, नुसते गेलेले नसावेत.