जुना घरगुती संगणक भंगारात देऊ नका : लिनक्स निवडावे कसे, बसवावे कसे

गांधीबाग, इतवारी, हंसापुरी, मोमिनपुरा या भागांतील बऱ्याच व्यापारी आणि कारागीर घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा संगणक असतोच. मुलांचा अभ्यास, उधारीची यादी, पावत्या, एखादा उर्दू अर्ज अशी कामे त्यावर होतात. या संगणकांवर बहुधा विंडोज १० असते. त्याला सुरक्षेची मोफत दुरुस्ती देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाच्या वाढीव मुदतीची सोय ठेवली, पण तीही नोंदणी करणाऱ्यांनाच. दुरुस्ती थांबली म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण नवी छिद्रे बुजत नाहीत. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी तुटलेल्या दुकानात माल ठेवून घरी जाणे.

मग विंडोज ११ का घालू नये? २०२१ साली आलेल्या या आवृत्तीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे, म्हणजे २०१७ नंतरचेच चालतात. त्याआधीचे यंत्र धडधाकट असले तरी कंपनीच्या कसोटीत बसत नाही. अशा वेळी दुकानदार नवा संगणक घ्यायला सांगतो. दुसरा सल्ला असतो कुठून तरी ‘तोडलेली’ कॉपी टाकून घेण्याचा. या दुसऱ्या सल्ल्यापासून व्यापाऱ्याने तर दूरच राहावे. चोरीचा माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, हे आपल्या पेशात कुणाला शिकवावे लागत नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब आहे. चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरणाऱ्याला त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. न्यायालय कैद माफ करू शकते, पण ती सवलत धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तरच.

तिसरा रस्ता लिनक्सचा आहे. तो पैशाने फुकट आणि कायद्याने स्वच्छ आहे. मात्र तो प्रत्येकासाठी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपले काम आधी तपासावे, मग निर्णय घ्यावा.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकाच्या कारभाराचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. तो कुणीही वापरावा, पाहावा, सुधारावा, वाटावा. फक्त सुधारलेला माल पुढे देताना तोही तसाच खुला ठेवावा, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या आतही हाच गाभा आहे. म्हणजे लिनक्स आपण रोज हाताळतोच.

या गाभ्याला आम्ही सूत म्हणतो. एकाच सुतापासून लुंगीही विणली जाते, लुगडेही आणि चादरही. तसेच या गाभ्यावर पडदा, खिडक्या, लिखाणाचे सॉफ्टवेअर, इंटरनेटचे साधन विणून निरनिराळ्या संस्थांनी तयार माल काढला आहे. त्याला डिस्ट्रिब्युशन, थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकडो आहेत. नवा माणूस तिथेच गोंधळतो.

घराणे ओळखा, निवड सोपी होते

डेबियन हे १९९३ पासूनचे जुने, स्वयंसेवकांनी चालवलेले घराणे आहे. माल टिकाऊ, पण नव्या माणसाला थोडा कोरडा वाटतो. डेबियनवरून २००४ साली उबुंटू निघाले. उबुंटूवरून २००६ मध्ये लिनक्स मिंट आले. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. घरच्या मंडळींना नव्याने काही शिकवावे लागत नाही. आपल्या देशाचे ‘बॉस’ हे डिस्ट्रो सी-डॅक या सरकारी संस्थेचे, तेही डेबियनच्याच सुतावर विणलेले. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. केरळमध्ये तर सरकारी शाळांतील संगणक कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात. तेथे लाखो मुले त्यावर शिकली. तेव्हा हे फक्त इंजिनिअरांचे काम आहे, असे समजू नये.

आमची शिफारस सरळ आहे. यंत्रात ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. यंत्र हळू असेल किंवा रॅम त्याहून कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी; ती हलकी आहे. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा मिंट मागते, पण आरामात काम व्हायचे तर ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा हवी. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळवत राहील. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर यंत्रात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे.

आधी आपले काम तपासा

पहिली गोष्ट टॅली. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. तेव्हा दुकानाच्या ज्या संगणकावर टॅली चालते, त्याला हात लावू नये. गल्ल्यावर प्रयोग नको. प्रयोग घरच्या यंत्रावर करावा.

दुसरी गोष्ट जीएसटी. पोर्टल आणि ई-वे बिल हे ब्राउझरमध्ये चालते, म्हणून लिनक्सवरही उघडते. एकट्या मालकीच्या दुकानाला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने विवरणपत्र भरता येते. पण पोर्टलवरून उतरवून घेण्याचे ऑफलाइन साधन विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीचा टोकन लागत असेल, तर तो चालतो की नाही हे आपल्या हिशेबनिसासमोर आधी पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्समध्ये लगेच ओळखले जातात. काही जुन्या लेसर प्रिंटरना मात्र कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्ससाठी नीट मिळत नाही.

चौथी गोष्ट उर्दू आणि मराठी, आणि आमच्या घरांत ही सर्वांत मोठी आहे. इनपेजमध्ये लिहिलेल्या जुन्या फायली लिनक्समध्ये थेट उघडत नाहीत. विंडोज असेपर्यंतच त्या युनिकोडमध्ये बदलून किंवा पीडीएफ करून ठेवाव्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमधील मजकुराचेही तसेच. लग्नपत्रिका आणि पोस्टर रोज इनपेजमध्ये करणाऱ्या छापखान्याने विंडोज सोडू नये. साधा अर्ज, पत्र, हिशेबाचा तक्ता करणाऱ्याला मात्र अडचण नाही. गुगलचा नोटो नस्तालीक हा उर्दू फॉन्ट मोफत आहे. मराठीसाठी रेड हॅटचा लोहित आहे. लिब्रे ऑफिसमध्ये उर्दू उजवीकडून डावीकडे नीट चालते आणि वर्ड-एक्सेलच्या फायलीही उघडतात. फार गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी थोडी हलते, एवढे ध्यानात ठेवावे.

थान फाडण्याआधी तुकडा पाहा

कापड घेणारा आधी नमुन्याचा तुकडा मागतो, बोटांनी पोत पाहतो, पाण्यात बुडवून रंग पाहतो. लिनक्समध्ये अशीच सोय आहे आणि तिचा फायदा न घेता पुढे जाणे शहाणपणाचे नाही. पेन ड्राइव्हवरून अख्खे लिनक्स चालवून पाहता येते. तोवर आतील डिस्कला धक्का लागत नाही. कामाचा क्रम असा :

१. सर्व फोटो, हिशेब, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न तपासलेली नक्कल धरू नये. लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून घ्या.

२. लिनक्स मिंटच्या अधिकृत ठिकाणावरूनच आयएसओ फाइल उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. तिच्याबरोबर अंकांचा एक ठसा दिलेला असतो. तो जुळवून पाहिला की फाइल अर्धवट किंवा भेसळीची नाही हे कळते.

३. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. रुफस किंवा एचर या मोफत साधनाने आयएसओ त्यावर चढवा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरील जुने सर्व पुसले जाते.

४. संगणक सुरू होताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा.

५. आता तुकडा तपासा : वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, बँकेचे पान, उर्दू मजकूर. पेन ड्राइव्हवरून थोडे हळू चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. एखादी गोष्ट चालली नाही तर पेन ड्राइव्ह काढा, यंत्र पुन्हा सुरू करा. विंडोज होते तसेच आहे.

६. समाधान झाल्यावरच पडद्यावरील ‘इन्स्टॉल’ची खूण दाबा. येथे दोन वाटा आहेत. एक, विंडोजच्या शेजारी लिनक्स. सुरू करताना हवे ते निवडता येते. दुसरी, सर्व डिस्क पुसून फक्त लिनक्स. पहिले काही महिने शेजारी ठेवणेच बरे. ‘डिस्क पुसा’ हे शब्द दोनदा वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. मध्येच वीज जाण्याचा धोका असेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी किंवा यूपीएस असावा.

७. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड घरातील दोघांना ठाऊक असू द्या. साधारण अर्ध्या तासात काम होते.

बसवल्यानंतर

आधी अपडेट मॅनेजर चालवून सर्व दुरुस्त्या घ्या. मग टाइमशिफ्ट सुरू करा. एखादी दुरुस्ती बिघडली तर यंत्र कालच्या स्थितीत परत नेता येते. मात्र आपल्या कागदपत्रांची नक्कल वेगळीच ठेवावी लागते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये उर्दूचा ध्वनिप्रमाणे चालणारा कळफलक आणि मराठीचा इनस्क्रिप्ट जोडून घ्या. नवे सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावे, इकडून तिकडून उतरवू नये. व्हायरस कमी म्हणून गाफील राहू नये. ओटीपी विचारणारा ठग लिनक्सवाल्यालाही फोन करतो.

आमच्या घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीवर चालतो. उधारीचा तक्ता, मुलांचा अभ्यास, उर्दू पत्रे त्यावर होतात. टॅली दुकानातल्या विंडोजवर आहे. दोन्ही यंत्रांना आपापले काम वाटून दिले की तक्रार उरत नाही.

एका रविवारी दुपारी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहायला खर्च काही येत नाही. जमले तर एका नव्या यंत्राची रक्कम वाचून मालात गुंतवता येते. नाही जमले तरी जुने यंत्र जागेवर आहेच, आणि नवे घ्यावे की नाही हे मग पारखून ठरवता येईल.