सर्चला जे सापडलं नाही, त्याचं काय?

‘जुने मेल शोधून पाठव ना, दोन मिनिटांचं तर काम आहे!’ बॉसचं हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. आपण सर्चमध्ये दोन शब्द टाकतो, आठ-दहा मेल येतात, त्यातले कामाचे फॉरवर्ड करतो आणि चहाला मोकळे. पण त्या विषयावरचे एकूण मेल होते किती? हे बॉसही विचारत नाही आणि आपणही नाही.

सर्च कितपत चांगला चालतो हे मोजायचं चक्क एक शास्त्र आहे आणि त्याच्या मुळाशी दोनच आकडे आहेत. हाती आलेल्यातलं कामाचं किती, हा प्रिसिजन. कामाचं जेवढं होतं त्यातलं हाती आलं किती, हा रिकॉल. गोची अशी, की पहिला आकडा स्क्रीनकडे बघून काढता येतो. दुसऱ्यासाठी जे आलंच नाही ते मोजावं लागतं!

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या अमेरिकन संशोधकांनी नेमकं तेच केलं. त्यांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बड्या खटल्यातली सुमारे ४० हजार कागदपत्रं, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पानं, आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ या सिस्टीममध्ये भरलेली होती. बचाव पक्षाच्या वकिलांची अट होती, की कामाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळालेच पाहिजेत. शोध घ्यायचा, कागद तपासायचे, पुन्हा शोध घ्यायचा, असं वकिलांचं समाधान होईपर्यंत चाललं. मग संशोधकांनी न सापडलेल्या ढिगातून नमुने काढले आणि ते कुठले आहेत हे न सांगता त्याच वकिलांपुढे ठेवले. हिशेब लागला तेव्हा प्रिसिजन होता ७९ टक्के. एकदम झकास! आणि रिकॉल? सरासरी अवघा २० टक्के.

म्हणजे कामाच्या दर पाच कागदांपैकी चार ढिगातच पडून होते आणि वकील मात्र निवांत होते. उलट हाती आलेलं बहुतेक सगळं कामाचं होतं, म्हणूनच त्यांना शंका आली नसावी, असं मला वाटतं.

कारण वाचून तर मी उडालेच. एका शोधात वकिलांनी ‘अपघात’ हा शब्द टाकला होता. पण त्या घटनेवर टीका करणारेच तिला सरळ अपघात म्हणत होते. ज्यांच्यावर प्रकरण शेकण्याची शक्यता होती ते ‘दुर्दैवी परिस्थिती’ किंवा ‘अडचण’ असं लिहीत होते. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे तरी मेलमध्ये ‘माझी चूक झाली’ असं कोण लिहितं? ‘एक छोटासा इश्यू आहे’ असंच लिहितात.

हे मी एका वकील मैत्रिणीला सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अगं, म्हणजे नेमके गोत्यात आणणारे कागदच आधी सुटणार!’

यावर उपाय म्हणजे उत्तरं आधी ठरवायची आणि परीक्षा मग घ्यायची. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात विमानशास्त्रावरचे १,४०० लेख घेऊन हेच केलं. कुठल्या प्रश्नाला कुठला लेख लागू पडतो, ते माणसांकडून तपासून घेतलं. पण लाखो कागद असले की कोण वाचत बसणार? १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ट्रेक’ने त्यावर तोड काढली. एकच प्रश्न अनेक सिस्टीमना द्यायचा, प्रत्येकीची वरची उत्तरं एकत्र करायची आणि तेवढीच माणसांनी तपासायची. एकीला हुकलेलं दुसरीला सापडतं. सगळ्यांनाच हुकलं तर मात्र ते हुकलंच.

मराठीचीही अशी परीक्षा झाली आहे, बरं का! २००८ मध्ये भारतात सुरू झालेल्या ‘फायर’ या उपक्रमात ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’मधल्या जवळपास ९९ हजार बातम्या शोधासाठी घेतल्या होत्या. आणि मराठी म्हणजे काय, नुसतं ‘पुणे’ शोधून भागत नाही. बातमीत असतं ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकरांनी’. ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत हे सिस्टीमला शिकवलं नाही, तर अर्धं पुणं शोधाबाहेर राहायचं. आणि तरीही स्क्रीनवर आलेल्या प्रत्येक बातमीत ‘पुणे’ असणारच!