पडद्यावरचे कौशल्य आणि घरातला दिनक्रम

ज्या मुलाला आपण धांदरट, विसराळू किंवा हट्टी म्हणून पदोपदी बोल लावतो, त्याच्या ठिकाणी बुद्धीची वा इच्छेची उणीव नसून, कामांचा क्रम मनात धरणे, उरलेल्या वेळेचा अंदाज घेणे आणि मध्येच उठलेली ऊर्मी क्षणभर थोपवणे या शक्ती सावकाश परिपक्व होत असतात, एवढे ध्यानात आले की एडीएचडी या अवस्थेचे पुष्कळसे मर्म उमगते. हेच मूल व्हिडिओ गेमपुढे मात्र तासन्‌तास खिळून बसते, आणि ते पाहून वडीलधारी मंडळी त्याला लबाड ठरवतात. हा अन्याय आहे. खेळात ध्येय डोळ्यांसमोर असते, चूक तत्क्षणी कळते आणि बक्षीसही लगोलग हाती पडते; अभ्यासाचे फळ दिसायला महिने लागतात.

या आकर्षणाचाच उपयोग करून घेण्याची तजवीज नेदरलँड्समधील संशोधकांनी केली. ‘प्लॅन-इट कमांडर’ या खेळात मूल अंतराळमोहिमेचे कप्तान होते, आणि दुर्मीळ खनिजांचा शोध घेता घेता त्याला वेळेचा हिशेब, कामाची आखणी आणि सोबत्यांशी सहकार्य यांचा सराव घडतो. नेदरलँड्स व बेल्जियममधील ८ ते १२ वर्षांच्या १७० मुलांना, त्यांचे चालू उपचार न थांबवता, १० आठवड्यांच्या मुदतीसाठी हा खेळ देऊन घेतलेल्या चाचणीचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. वेळ सांभाळण्याच्या बाबतीत मुले सुधारल्याचे पालकांनी त्यात नोंदवले. आपले मूल हा खेळ खेळते आहे हे त्या पालकांना ठाऊक होते, म्हणून हा दाखला निर्णायक मानता येणार नाही. तरीही केवळ एकाग्रतेच्या मागे न लागता घरातील नित्यव्यवहार हेच लक्ष्य ठरवणारी ही दृष्टी मला अधिक मोलाची वाटते.

एकाग्रतेचे प्रकरण कुठे अडते, ते अमेरिकेत दिसले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने १५ जून २०२० रोजी ‘एन्डेव्हर-आरएक्स’ या खेळाला, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावा या अटीने, मंजुरी दिली. ३४८ मुलांच्या चाचणीत, रोज २५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, असा ४ आठवडे हा खेळ खेळलेल्या मुलांची संगणकावरील अवधानपरीक्षेत प्रगती दिसली. परंतु पालकांनी घरातील लक्षणांविषयी जे सांगितले, त्यात ही मुले आणि तुलनेसाठी शब्दखेळ दिलेली मुले यांच्यात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांचे सांगणे येथे कामी येते: काम जेथे करायचे तेथे आणि त्याच घटकेला या मुलांना मदत हवी. म्हणून रात्री दप्तर भरताना आईने वा वडिलांनी जवळ बसावे, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवावे, ‘कप्तान, उद्याच्या मोहिमेला काय काय लागेल, सांग बरं?’ असे विचारून वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली ही एकेक वस्तू त्याच्याच हातून आत ठेववून घ्यावी, आणि काम संपताच शाबासकी तिथल्या तिथे द्यावी. खेळाची वेळ आधी ठरलेली असावी, झोपेवर तिचे अतिक्रमण होऊ नये. आणि चालू असलेली औषधे किंवा वर्तनोपचार केवळ खेळाच्या भरवशावर, तज्ज्ञांना न विचारता, कोणत्याही घरात बंद करू नयेत.