मोहीनेर घोडागुली

मोहीनेर घोडागुली हा कोलकाता येथील बंगाली गायक-वादकांचा संच (बँड) होता. तो १९७५ साली स्थापन झाला व १९८१ च्या सुमारास विखुरला. स्वतःची गीते स्वतः रचून, गिटार, बासरी व व्हायोलिन यांच्या साथीने गाणाऱ्या आरंभीच्या भारतीय संचांत त्याची गणना होते. 'मोहीनचे घोडे' असा या नावाचा अर्थ असून ते जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतलेले आहे. रंजन घोषाल यांनी ते सुचविण्यापूर्वी 'सप्तर्षी', 'तीरंदाज' अशी काही नावे वापरून झाली होती.

==स्थापना व सदस्य==
संचाचे प्रवर्तक गौतम चट्टोपाध्याय हे विद्यार्थिदशेत नक्षलवादी चळवळीत ओढले गेले व त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर काही काळ त्यांना कोलकात्याबाहेर राहावे लागले. परतल्यावर त्यांनी घरच्याच मंडळींना गोळा केले. प्रदीप व विश्वनाथ हे त्यांचे सख्खे भाऊ, तर रंजन घोषाल हे नात्यातले. तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि अब्राहम मजुमदार हे मित्र मिळून सात जण झाले. प्रदीप बासरी व बास गिटार, विश्वनाथ ड्रम, तर अब्राहम पियानो व व्हायोलिन वाजवीत.

==संगीत==
त्या काळी बंगाली सुगम संगीतावर रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते यांचा मोठा प्रभाव होता. गीतकार, संगीतकार आणि गायक बहुधा वेगवेगळे असत. या संचाने ती विभागणी मोडली. गाण्यांचे विषयही निराळे होते: कोलकाता शहर, त्यातील एकटेपणा, राजकीय अस्वस्थता, साध्यासुध्या आवडीनिवडी. पाश्चात्त्य लोकगीतशैली, जाझ आणि बाउल गायन यांचा संगम त्यांत आढळतो. गौतम स्वतः या मिश्रणास 'बाउल जाझ' म्हणत. बाउल हे बंगालमधील फिरते साधक-गायक होत. एकतारा हे त्यांचे प्रमुख वाद्य. वारकरी कीर्तनातील एकतारीशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या परंपरेची कल्पना सहज येईल. मात्र या संचाने बाउल गीते केवळ नव्या वाद्यांवर वाजविली असे समजणे योग्य नाही. बाउलांचा मोकळा स्वर आणि बोलीशी जवळीक साधणारी शब्दकळा त्यांनी नागर अनुभवासाठी वापरली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

==ध्वनिमुद्रिका==
'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक' (१९७७), 'अजाना उडंत वस्तु बा अ-उ-ब' (१९७८) आणि 'दृश्यमान मोहीनेर घोडागुली' (१९७९) या त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका. दुसऱ्या शीर्षकात उडत्या तबकडीच्या इंग्रजी नावाचे मिस्कील भाषांतर आहे. तत्कालीन श्रोत्यांनी या प्रयोगाचे फारसे स्वागत केले नाही. उपजीविकेसाठी सदस्य पांगले. रंजन बंगळुरूला, तर विश्वनाथ अमेरिकेत गेले. गौतम चित्रपटांकडे वळले. 'नागमती' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट.

==पुनरागमन==
१९९५ साली कोलकाता पुस्तकमेळ्यात 'आबार बछर कुडि परे' हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. 'पुन्हा वीस वर्षांनी' असा अर्थ असलेले हे शब्दही जीवनानंदांचेच. संग्रहावर 'मोहीनेर घोडागुली संपादित' असे लिहिलेले होते. एखाद्या नियतकालिकाचा संपादक नवे लेखक पुढे आणतो, तद्वत गौतम यांनी येथे तरुण गायकांना व संचांना स्थान दिले. जुन्या सात जणांना पुन्हा एकत्र आणण्यापेक्षा हा मार्ग अधिक दूरदृष्टीचा ठरला. नव्वदच्या दशकातील बंगाली बँडच्या लाटेला त्यातून बळ मिळाले. 'झरा समयेर गान', 'माया' व 'ख्यापार गान' हे पुढील संग्रह. २० जून १९९९ रोजी गौतम यांचे निधन झाले.

१९९५ च्या संग्रहातील 'पृथिबीटा नाकि' हे गीत विशेष लोकप्रिय झाले. २००६ च्या 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातील 'भीगी भीगी' या गाण्याची चाल त्यावरून घेतलेली आहे. त्यामुळे मूळ संचाचे नावही न ऐकलेल्या अनेक मराठी श्रोत्यांना ती चाल मात्र परिचित आहे. रंजन घोषाल २०२० मध्ये, तर तापस दास २०२३ मध्ये निवर्तले.